पाव मैलाचा इतिहास

अमेरिकेत घोड्यांची एक जात आहे. तिचे नाव 'क्वार्टर हॉर्स', म्हणजे पाव मैलाचा घोडा. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियामध्ये शर्यतींसाठी लांबरुंद मैदाने नव्हती; झाडे तोडून काढलेली वाट किंवा गावातला सरळ रस्ता हेच मैदान. आठवडाभर राबणारा घोडा फावल्या दिवशी शेजाऱ्याच्या घोड्यालगत उभा करायचा आणि दोन फर्लांग पळवायचा, अशी तेथील रीत होती. पुढे घोड्याची जागा मोटारीने घेतली. अंतर मात्र तेच राहिले : १,३२० फूट, सुमारे चारशे मीटर. रोजच्या वापरातले वाहन आणि सार्वजनिक रस्ता, हेही तसेच राहिले.

मध्यम आकाराच्या मोटारीत भले थोरले इंजिन बसवून केलेल्या, १९६० च्या दशकातील ज्या गाड्यांना 'मसल कार' हे नाव पडले, त्यांचा इतिहास पाहायचा तर मिशिगन राज्यातील वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जावे लागते. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून निघून हा रस्ता वायव्येस पाँटिॲक शहरापर्यंत सुमारे एकवीस मैल जातो. काँक्रीटच्या महामार्गाचा पहिला मैल म्हणून जो ओळखला जातो, तो १९०९ साली ह्याच रस्त्यावर घातला गेला. उपनगरांत रस्ता प्रशस्त होता, मधोमध दुभाजक होता, आणि वळून माघारी येण्यासाठी दुभाजकात ठिकठिकाणी वाटा ठेवलेल्या होत्या. सायंकाळी तरुणांनी एका ड्राइव्ह-इन उपाहारगृहापासून दुसऱ्यापर्यंत जावे, वळावे आणि परत यावे. रॉयल ओक येथील बाळ येशूच्या संत तेरेजेचे विख्यात तीर्थमंदिर ह्याच रस्त्यावर आहे. त्याच्या उंच दगडी मनोऱ्यापुढून ही वरात मध्यरात्रीपर्यंत फिरत असे. आतील उपासकांना तिचा किती त्रास होत असेल, ह्याची कल्पना कोणत्याही हमरस्त्यालगतच्या चर्चमध्ये बसणाऱ्याला सहज येईल.

शर्यतीची पद्धत साधी होती. दोन मोटारी तांबड्या दिव्यापाशी शेजारी शेजारी थांबत. चालक एकमेकांकडे पाहत, इंजिन एकदा गुरगुरवीत, आणि होकार मिळाला की हिरवा दिवा हीच शिट्टी. पुढच्या दिव्यापर्यंत निकाल लागलेला असे. पंच नव्हते, घड्याळही नव्हते. मोटारी ह्याच शहरात बनत असल्यामुळे येणाऱ्यांत कारखान्यातील कामगारांची मुले होती, तसे अभियंतेही होते. काही जण साध्यासुध्या दिसणाऱ्या गाडीत जबर इंजिन दडवून आणीत. दिसते तसे नसते, ह्या म्हणीचा अनुभव तेथे रोज रात्री कोणी ना कोणी घेत असे.

अशा साध्या गाडीतूनच मसल कारचा जन्म झाला. १९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींत भाग घेण्यास मनाई केली. मध्यम मोटारीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही कंपनीचा नियम होता. पाँटिॲक विभागातील जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी ह्या अभियंत्यांनी त्यातून पळवाट काढली. टेंपेस्ट ही त्यांची साधी कौटुंबिक मोटार. तिच्यात ३८९ घन इंचांचे इंजिन घालायचे, पण ते नवे मॉडेल म्हणायचे नाही. ग्राहकाने सुमारे ३०० डॉलर जादा मोजून घ्यायचा तो ऐच्छिक संच आहे, असे कागदोपत्री दाखवायचे. नाव ठेवले जीटीओ, तेही फेरारीकडून उसने घेतलेले. १९६४ ह्या पहिल्याच वर्षात अशा ३२,४५० गाड्या खपल्या. घरगुती मोटार आणि पैलवान मोटार ह्यांतला भेद सुरुवातीला मागणीपत्रावरील एका ओळीएवढाच होता, हे आज जुन्या मोटारींचे गोडवे गाणारे विसरतात.

ह्या दंतकथेतील दुसरी गंमत त्याच वर्षीची आहे. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात जीटीओची चाचणी छापली. पाव मैल १३.१ सेकंदांत, असा आकडा तीत होता. वाचक थक्क झाले, विक्री वाढली. अनेक वर्षांनंतर जिम वँगर्स ह्यांनी, ज्यांनी ह्या गाडीची जाहिरात केली होती त्यांनीच, कबुली दिली की चाचणीसाठी दिलेल्या एका गाडीत गुपचूप ४२१ घन इंचांचे इंजिन बसवले होते. दुकानातून घेतलेल्या जीटीओला तेच अंतर कापायला पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ लागे. तेरा सेकंदांचा आकडा मात्र आठवणींत पक्का बसला.

शर्यती रस्त्यावरून हलवाव्यात, असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वॉली पार्क्स ह्यांनी १९५१ साली राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली ती मुख्यतः ह्याच हेतूने. १९५९ मध्ये डेट्रॉइटजवळही धावपट्टी सुरू झाली. तरी वुडवर्डवरची गर्दी ओसरली नाही. धावपट्टीवर तिकीट लागते, तपासणी होते, वेळ मोजली जाते. आणि फुशारकीला मोजमाप फारसे मानवत नाही.

मसल कारचा अंत झाला तो मुख्यतः हिशेबाने. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते चढवले. १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा आला, आणि १९७१ च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलला सोसतील अशी मंद इंजिने केली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७४ च्या आरंभी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ह्या धामधुमीत एक छोटी घटना दुर्लक्षित राहिली. तोवर अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती मोजत ती इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर ठेवून, हवेची गाळणी, जनित्र, धुराची नळी वगैरे लोढणी काढून. १९७२ पासून ती प्रत्यक्ष मोटारीतल्यासारखी, सर्व उपकरणांसह मोजू लागले. १९७१ च्या कॉर्व्हेटचे साधे इंजिन जुन्या मापाने २७० अश्वशक्तीचे होते, नव्या मापाने २१०. इंजिन तेच, मोटार तीच. साठ घोडे नुसते कागदावरून उतरले.

त्यानंतर घरगुती मोटार हळूहळू पुढे सरकत राहिली. २००७ च्या मॉडेलची सहा सिलिंडरची टोयोटा कॅमरी, जिच्या मागच्या आसनावर मुले आणि डिकीत बाजारहाट असायचा, ती २६८ अश्वशक्तीची होती, आणि हे घोडे नव्या, प्रामाणिक मापाचे होते. पाव मैल ती सुमारे साडेचौदा सेकंदांत कापी. म्हणजे १९६४ ची खरीखुरी जीटीओ तिच्यापुढे बहुधा हरली असती. ह्यात जादू काही नव्हती. इंधनाचा थेंब न् थेंब संगणक मोजत होता, झडपांची वेळ गतीनुसार बदलत होती, गिअर सहा होते, आणि मुख्य म्हणजे टायर रस्त्याला धरून राहत होते. जुन्या गाडीची निम्मी ताकद अरुंद टायर जागच्या जागी फिरवून धूर काढण्यातच जाई. पाहणाऱ्याला तीच ताकद वाटे. २०१४ मध्ये आलेली चार दारांची विजेवरील टेस्ला मॉडेल एस पी८५डी तर आवाजही न करता सव्वातीन सेकंदांत ताशी साठ मैल गाठू लागली.

सुटण्याच्या वेगाची एवढी मोजदाद झाली; थांबण्याचा विचार त्या मानाने कमीच झाला. जुन्या मसल कारपैकी बहुतेकींना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. दोन-तीनदा जोरात दाबले की ते तापत आणि पकड सोडीत. परंतु उत्तम ब्रेकही रस्त्यावर उभ्या माणसाला नेहमी वाचवू शकत नाहीत. १६ फेब्रुवारी २००८ रोजी मेरीलँडमधील ॲकोकीक येथे पहाटेच्या अंधारात लोक महामार्गावर शर्यत पाहत उभे होते. दोन गाड्या सुटल्या, त्यांच्या टायरांचा धूर हवेत रेंगाळला, लोक पाहण्यासाठी रस्त्यात आले, आणि मागून आलेली एक मोटार गर्दीत घुसली. आठ जण मरण पावले. ते स्पर्धक नव्हते, प्रेक्षक होते.

वुडवर्डवर आता वेगळेच दृश्य असते. फर्नडेल गावातील मुलांना फुटबॉलचे मैदान हवे होते. त्यासाठी निधी जमवायला ऑगस्ट १९९५ मध्ये जुन्या मोटारींची एक फेरी काढली. पुष्कळ कमी लोक येतील असा अंदाज होता. आले अडीच लाख. तेव्हापासून ऑगस्टमध्ये ही फेरी निघत आली आहे. लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. आजोबा झालेले चालक चकचकीत जीटीओ घेऊन येतात, तिच्या शेजारच्या रांगेत एखादी कॅमरी अडकलेली असते, दिवा हिरवा होतो, आणि गर्दीमुळे दोघींनाही जागचे हलता येत नाही.