संशोधक विद्यार्थ्याचा निवास : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची तीन शहरे (१९१३-१९२३)

प्रास्ताविक

उच्च शिक्षणासाठी परक्या शहरात जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसून राहण्याचा असतो. भाडे किती, ग्रंथालय किती अंतरावर, खानावळ कोठे, या कसोट्यांवर तो वस्ती निवडतो असे सामान्यतः समजले जाते. परंतु या कसोट्यांच्याही आधी एक प्रश्न उभा असतो : ती वस्ती त्याला स्वीकारील काय? चरित्रग्रंथांत पदव्या व प्रबंध यांची नोंद सविस्तर होते, निवासाचा तपशील मात्र प्रसंगापुरता येतो. प्रस्तुत निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या न्यूयॉर्क, बडोदा व लंडन येथील वास्तव्याचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यूयॉर्क : आवारातील निवास

बडोदा नरेश सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. परळच्या चाळीत, कुटुंबाच्या गर्दीत अभ्यास केलेल्या या विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात जागा मिळाली. नवल भथेना हे पारशी विद्यार्थी तेथे त्यांचे सोबती होते. हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. वसतिगृह, वर्ग व ग्रंथालय जवळजवळ असल्याने दिवसाचा बहुतेक वेळ वाचनाला देता आला. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला.

अर्थात, हे शहर भेदमुक्त नव्हते. कृष्णवर्णीयांना तेथील अनेक वस्त्यांत घर मिळणे दुरापास्त होते आणि विद्यापीठानजीकच्या हार्लेममध्ये त्यांची वस्ती याच काळात वाढत होती. डॉ. आंबेडकरांना मिळालेला निवास हे शहराच्या औदार्यापेक्षा विद्यापीठीय व्यवस्थेचे फलित होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

बडोदा : पैसा आहे, खोली नाही

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमध्ये आरंभलेला अभ्यास अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये परतले व करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथील अनुभव त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. हिंदू उतारशाळेत प्रवेश शक्य नव्हता. एका पारशी उतारशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर, दररोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी मंडळींनी त्यांना बाहेर पडण्यास फर्माविले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडेही आश्रय मिळाला नाही. काही तास सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील विसंगतीत आहे. परदेशी पदवी, राजाश्रय, पगार आणि भाडे देण्याची तयारी हे सर्व असूनही निवड करण्याचा अधिकारच त्यांच्याजवळ नव्हता. निवारा गेला आणि त्याबरोबर नोकरीही गेली.

लंडन : खडतर पण स्थिर निवास

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेली रक्कम, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये त्यांचा मुक्काम प्रिमरोझ हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड येथे होता. ही वस्ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपासून काहीशी दूर होती. मात्र नजीकच्या चॉक फार्म स्थानकावरून १९०७ पासून भुयारी रेल्वे मध्य लंडनकडे जात असे. लंडनमधील त्यांच्या घरमालकीणबाईंच्या अपुऱ्या जेवणाचे वर्णन धनंजय कीर यांनी चरित्रात केले आहे. पैशाची ओढाताण होती, पोटही भरत नव्हते. तरीही उद्या खोली राहील की नाही ही धास्ती नव्हती. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये खरेदी केले.

निवासाचे संस्थात्मक उत्तर

वैयक्तिक निवड जेथे अशक्य तेथे संस्थेने उत्तर द्यावे, ही जाणीव शाहू महाराजांच्या कोल्हापुरातील वसतिगृहांमागे होती. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृह निघाले. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातही वसतिगृहाला महत्त्वाचे स्थान मिळाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, संशोधनाची गती केवळ बुद्धी व अर्थसाहाय्य यांवर अवलंबून नसते. निर्धास्त निवारा ही तिची पूर्वअट आहे. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित व मुस्लिम भाडेकरूंना उच्चवर्णीयांच्या तुलनेत अधिक नकार मिळतात, असे त्यात आढळले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून रोख साहाय्य देण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु भाड्याची रक्कम म्हणजे घरमालकाची संमती नव्हे, हे बडोद्याच्या उदाहरणाने एक शतकापूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणूनच पदव्युत्तर वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला संशोधनाचा विषय विचारताना तो कोठे राहतो, हेही विचारणे प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाचाच भाग मानले पाहिजे.