उशिरा गाठलेले घर

उलव्याहून शिरढोणला जायचे तर प्रथम नव्या विमानतळाच्या कडेने पनवेल गाठावे लागते. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून काढली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांची वस्ती हलवली गेली. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उठलेल्या घरांपैकी एखादे स्मारक म्हणून राखल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. त्यामुळे तालुक्यातले एक जतन केलेले घर पाहायला निघालो तेव्हा घर जपायचे ते कशासाठी, हा प्रश्न आमच्या सोबत होताच.

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे मागे पडले की शिरढोण येते. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने हा किल्ला घेतला, तेव्हा तेथे अनंतराव फडके किल्लेदार होते. त्यांचे नातू वासुदेव बळवंत यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला झाला. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून जपला आहे. वाडा म्हटल्यावर विश्रामबागवाडा डोळ्यांपुढे आणणाऱ्याला तो साधाच वाटेल. कोकणातील एका प्रतिष्ठित कुटुंबाचे हे घर, एवढीच त्याची वास्तुशास्त्रीय ओळख.

परंतु वासुदेव बळवंतांच्या चरित्रात या घराला वेगळेच स्थान आहे. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करीत असताना आई अत्यवस्थ असल्याचे त्यांना कळले. त्यांनी रजा मागितली. ती नाकारली गेली. ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही मिळाली नाही. चरित्रकार हा प्रसंग बंडाची ठिणगी म्हणून सांगतात. आम्हांस ते अपुरे वाटते. रजा नाकारली गेलेले कारकून अनेक होते. १८७६-७७च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना वासुदेव बळवंतांनी पाहिली, तेव्हा एका घराचे दुःख मुलखाच्या दुःखाला जाऊन मिळाले. वाड्याच्या ओटीवर उभे राहिल्यावर या दोहोंपैकी पहिलेच दुःख जाणवते. दुसऱ्यासाठी ग्रंथाकडे वळावे लागते.

तो ग्रंथ त्यांचा स्वतःचाच आहे. एप्रिल १८७९मध्ये श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या सान्निध्यात त्यांनी आत्मवृत्त लिहिले. ते आणि त्यांची रोजनिशी सरकारच्या हाती पडली, भाषांतरित झाली आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरली. हे इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १९५७मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापले. एका मराठी माणसाचे आत्मकथन फिर्यादी पक्षाच्या भाषेतून वाचावे लागणे, हा साहित्याच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असा प्रकार आहे. मूळ शब्द कोणता असेल, 'दरोडा' की 'बंड', याची शंका पानोपानी येते. आणि या दोन शब्दांत जन्मठेपेचे अंतर आहे.

शिरढोणच्या वाटेवरचे पळस्पे या शंकेचे उत्तम उदाहरण होय. मे १८७९मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी रामोशांसह पळस्पे आणि चिखली येथे लूट केली. परतताना ब्रिटिश तुकडीशी झालेल्या चकमकीत नाईक मारले गेले. ज्यांची घरे लुटली गेली त्यांच्यासाठी तो दरोडाच होता, हेही विसरू नये. आपले लोक लुटीपलीकडे पाहत नाहीत, ही खंत खुद्द वासुदेव बळवंतांनाही होती. स्मारके अशा खंती सहसा सांगत नाहीत.

जुलै १८७९मध्ये ते पकडले गेले. सार्वजनिक काका त्यांच्या बचावास उभे राहिले, तरी जन्मठेप टळली नाही. त्यांना एडनला धाडले गेले. ते बंदर इंग्रजांचे. उत्तरेस येमेनच्या डोंगराळ मुलखात उस्मानी सुलतानाचा अंमल. तेथून ते कोठडी फोडून पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. शिरढोणला परतणे या वेळी उशिरानेही घडले नाही.

संध्याकाळी उलव्याकडे परतताना आम्हांस वाटले, की विद्यार्थ्यांना हा वाडा अवश्य दाखवावा. मात्र त्याआधी तो साधनग्रंथ त्यांच्याकडून वाचून घ्यावा. आणि ज्यांची घरे टेकडीबरोबर गेली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच मराठीत, ती माणसे आहेत तोवर लिहून घ्यायला त्यांना पाठवावे.