अंड्याचा पोळा आणि उरलंसुरलं

शनिवारी साडेदहाला उठायचं, फ्रीज उघडायचा आणि वाट्यावाट्यांतून जे काही झाकून ठेवलंय ते दोन अंड्यांत ढकलून तव्यावर ओतायचं. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही बॅचलर फ्लॅटवरचा हा विकांताचा ठरलेला कार्यक्रम. कालची बटाट्याची भाजी, अर्धा टोमॅटो, रश्श्यातून सोडवलेले चिकनचे दोन पीस... सगळं खपतं. ऑम्लेट म्हणजे उरलंसुरलं संपवायची सोय, आणि ती अनादि काळापासून तशीच आहे, असं आपण धरून चालतो. पण इतिहास बघायला गेलं तर गोष्ट बरोबर उलटी निघते. निदान आमच्या गावाकडची तरी.

गाव म्हणजे म्हसळा. माणगावहून श्रीवर्धनला जाताना लागतं ते. (हरिहरेश्वरला गेलेल्या मंडळींनी एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल, उतरलं मात्र कुणी नसेल :) ) १९४८ पर्यंत हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. मग तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला.

आमच्या आजीच्या तोंडी 'ऑम्लेट' शब्द नव्हता. ती 'अंड्याचा पोळा' म्हणायची. आता गंमत बघा. ऑम्लेटचं मूळ लॅटिनमधल्या 'लामेल्ला'त आहे, म्हणजे पातळ पत्रा. फ्रेंचमध्ये त्याचं 'ला लमेल' झालं, आणि लोकांनी ते चुकीच्या जागी तोडून 'ल आलमेल' ऐकलं. थोडक्यात टोकनायझेशनचा बग, जो पुढे फीचर म्हणून शिप झाला! पत्रा काय, पोळा काय, दोन्हीकडे नाव पडलं ते पातळ, पसरट आकारावरून. आत काय घातलंय याचा नावाशी संबंध नाही. फारसीत मात्र वेगळं आहे. तिथे 'खाग' म्हणजे अंडं, त्यावरून 'खागिना'. हा शब्द औरंगाबाद-हैदराबादकडे अजून घराघरात चालतो. मसाला ऑम्लेटमधली मिरची आणि टोमॅटो ही जोडी तर अमेरिकेतली, पोर्तुगीज यायच्या आधी इथे कुणी पाहिलेली नव्हती. असो.

मुद्दा आहे अंड्यांच्या हिशोबाचा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ अंडी देते. थोडी दिली की खुडूक होऊन बसते, पिल्लं वाढवते, मग पुन्हा सुरुवात. समजा घरात तीन कोंबड्या आहेत, तर १८० अंडी झाली. त्यातली काही उबवायला ठेवायची, काही बाजारात विकायची (हा बायकांचा हातखर्च, त्याला घरातल्या पुरुषांनी हात लावायचा नाही), काही मुंगूस नेणार. निम्मी उरली म्हणा, ९०. खाणारी तोंडं सात. माणशी वर्षाला तेरा अंडी, म्हणजे महिन्याला एकाच्या जरा वर.

अशा घरात उरलेली भाजी संपवायला कोण अंडं फोडेल? कोकणात उरलेलं संपवायला भाकरी होती, आणि आदल्या दिवशीचं मुरलेलं कालवण तर सकाळी भाकरीशी जास्तच चांगलं लागतं. तेव्हा पोळ्यात कांदा, कोथिंबीर, चमचाभर तांदळाचं पीठ आणि मूठभर भाजलेला जवळा पडायचा तो वेगळ्याच कारणासाठी. दोन अंडी पाच जणांना पुरली पाहिजेत! सुका जवळा खाडीकाठच्या घरात बारा महिने डब्यात असायचा. त्याच्या मानाने अंडं महाग. म्हणजे आज आपण अंड्याच्या जिवावर उरलेलं वाचवतो, आणि तेव्हा बाकीच्या सगळ्याच्या जिवावर अंडं पुरवलं जायचं.

उलटापालट झाली ती बऱ्यापैकी अलीकडे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. त्यांच्या बीव्ही-३०० सारख्या संकरित कोंबड्या खुडूक होत नाहीत आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. भावाचा प्रश्न होता, म्हणून १९८२ मध्ये पोल्ट्रीवाल्यांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. तिची दूरदर्शनवरची जाहिरात आपल्यापैकी अनेकांना अजून चालीसकट पाठ असेल. २०२३-२४ च्या सरकारी आकड्यानुसार देशात माणशी वर्षाला १०३ अंडी आहेत. तेरावरून एकशेतीन!

पारशी लोक या खेळात आपल्या बरेच पुढे. त्यांचं 'पर ईडू' म्हणजे कुठल्याही भाजीवर अंडं फोडून झाकण ठेवायचं. बटाटा, भेंडी, टोमॅटो, काहीही. माझ्या मते उरलेल्या भाजीला ऑम्लेटपेक्षा हीच पद्धत न्याय देते, कारण भाजी भाजीच राहते. आपल्याकडच्या अंडं वर्ज्य असलेल्या घरांनी मात्र अंडंच वगळून बेसनाचं 'टोमॅटो ऑम्लेट' काढलं. नाव हवं पण अंडं नको. मला हे कायम थोर वाटत आलंय.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. विरोध झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला. अंडी हवीत तर शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणे. आजीच्या हिशोबाने महिन्याला एक मिळायचं, हे आठवड्याला एक होतं. आपण फ्रीजमधली शिळी भाजी खपवायला दोन फोडतो, म्हणून हा आकडा जरा टोचतो.

आता प्रयोग करणारच असाल तर दोन गोष्टी. उरलेली भाजी आधी कोरडी परतून घ्या, नाहीतर ती तव्यावर पाणी सोडते आणि पोळा फाटतो. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात अजिबात घालू नका, त्यात तयार झालेलं विष तव्यावर तापवूनही जात नाही. जवळा मिळाला तर पाय-मिशा झाडून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून घाला. मीठ शेवटी, चव बघून. जवळा आधीच खारट असतो.