दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका. स्तनाची तपासणी गावच्या उपकेंद्रातच होते

स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. घोळ इथंच होतो. दुखत नाही तर साधंच काहीतरी असेल, सुगी उरकली की बघू, असं म्हणत बाई ती अंगावर काढते. दवाखान्यात जाईपर्यंत काखेतही गाठ आलेली असते.

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईची स्तन तपासणी दर ५ वर्षांनी व्हायला हवी. त्याआधी आशाताई घरी येऊन 'सीबॅक' फॉर्म भरतात. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं पाणी येतं का, आकार बदललाय का, हे त्यात विचारलेलं असतं. आता हा फॉर्म सासरा-दिरासमोर ओट्यावर बसून भरला, तर बाई सगळ्याला 'नाही' म्हणूनच मोकळी होणार. आत नेऊन, एकटीला विचारलं तरच खरं कळतं.

तपासणीला मशीन लागत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाई दोन्ही स्तन आणि काखा हाताने चाचपून बघतात. काही मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत. उपकेंद्रातले अधिकारी पुरुष असतील तर नर्सबाईच हव्यात असं सांगायला लाजू नये.

नुसत्या हाताने काय कळणार? टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी हाताने तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला : पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूत तसा फरक दिसला नाही, पण आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला.

गावोगावी जाऊन बोलण्याचा उपयोग होतो, हे बार्शीनेही दाखवलंय. तिथं १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावात गप्पा-बैठकांतून माहिती देत राहिले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

गाठ सापडली म्हणजे कर्करोगच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. मात्र पुढची सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा सुईची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते, आणि एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी यामुळे बऱ्याच जणी तिथेच थांबतात. सुई घातली की कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. कर्करोगावरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. जाताना रेशनकार्ड, आधार आणि उपकेंद्राची चिठ्ठी सोबत घ्यावी, शक्यतो घरचं कुणी बरोबर असावं.