मावळच्या वाटेवरचा चित्रकार

लोणावळ्याजवळचे औंढे हे मावळातले गाव. लोहगड-विसापूर, भाजे आणि कार्ले ही नावे घेतली की जो मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो, त्यातलेच हे एक. आज पावसाळ्यात तिकडे सहलींची झुंबड असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून पुण्याला निघालेला साहेब बोरघाट चढून याच मुलखात पोहोचे. घाटातून गाडीरस्ता झाला १८३० साली आणि रेल्वे धावली १८६३ साली. त्याआधी पालखी, घोडा आणि हमालांची पाठ एवढाच आधार.

या वाटेने एक स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला. त्याचे नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७, स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. १७९१ साली तो मुंबईत उतरला. वय चव्वेचाळीस, पदरी बायको-मुली, नाव फारसे झालेले नाही. हिंदुस्थानात नबाब-राजे तसबिरी काढून घेतात आणि मोबदला भरपूर देतात, अशी बातमी तेव्हा विलायतेत पसरली होती. पोटापाण्यासाठीच आला, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

पुण्यात कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या ओळखीने वेल्स पेशव्यांच्या दरबारी गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांच्या तसबिरी त्याने काढल्या. नानांचा जो लांबट, सडपातळ चेहरा आपल्या ओळखीचा आहे, तो मुख्यतः वेल्सच्या कुंचल्यामुळे. सवाई माधवराव आणि नाना यांचे एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेले.

मॅलेटच्या पदरी आणखी एक माणूस होता, आणि आपल्या वाचकांना तो ठाऊक असायला हवा : सय्यद नुरुद्दीन हुसेन खान. दरबार आणि कंपनी यांच्यातला कारभार तेव्हा फारसीतून चाले, त्यामुळे अशा माणसांवाचून साहेबाचे पान हलत नसे. पानिपतावर मराठ्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या नजीबुद्दौल्याचे चरित्र याच नुरुद्दीनने फारसीत लिहिले. पुढे जदुनाथ सरकारांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

वेल्सचा खरा जीव मात्र लेण्यांत अडकला. कार्ले, घारापुरी, कान्हेरी, वेरूळ. तो मोजमापे घेत आणि रेखाटत हिंडला. १७९३ साली टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईत आले, तेव्हा त्यांना लेणी दाखवायला तोच होता. या कामात वेल्सबरोबर पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट होता. त्याला केवळ 'साहेबाचा शिष्य' म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. १७९० च्या नोव्हेंबरात, म्हणजे वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वीच, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला होता. हात आधीच तयार होता. वेल्सकडून त्याने विलायती रीत उचलली इतकेच.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला. कान्हेरीत काम करताना त्याला ताप चढला होता, तो उतरला नाही. चित्रे अर्धवट राहिली. मुलींचा सांभाळ मॅलेटने केला, आणि १७९९ साली थोरल्या सुझानाशी लग्न केले. वेरूळची रेखाटने टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये छापली.

अर्धवट राहिलेल्या कामात एक मोठे चित्र होते. १७९० साली टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांच्यात पुण्यात तह झाला, निजामही या युतीत सामील झाला. तो प्रसंग मॅलेटला कॅनव्हासवर हवा होता. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने ते १८०५ साली पुरे केले. भव्य दरबार, रांगेने बसलेले सरदार, मधोमध गोरा वकील. पण ध्यानात घ्या, तहाच्या वेळी वेल्स या देशात नव्हता, आणि डॅनियलने तो दरबार पाहिलेला नव्हता. माणसांचे चेहरे खरे, प्रसंग मात्र रचलेला. आणि रचला तो तहावर सही घेणाऱ्याच्या इच्छेने.

त्या तहाचा शेवट १७९२ साली श्रीरंगपट्टणला झाला. निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे, एवढे टिपूला द्यावे लागले. मुलगे कॉर्नवॉलिसच्या हवाली होतानाचा प्रसंग विलायतेत इतका गाजला की चित्रकारांची त्यावर उडी पडली. रॉबर्ट होम निदान फौजेबरोबर होता. पण अमेरिकेत बोस्टनला जन्मलेला माथर ब्राउन हिंदुस्थानात कधी आलाच नाही, तरी त्याने लंडनमध्ये बसून तो प्रसंग रंगवला. त्यांतला दयाळू, वडीलधारा कॉर्नवॉलिस लोकांच्या मनात ठसला. बापाच्या घरून मुले का न्यावी लागली, हे सांगणारे चित्र कोणी मागवले नाही.

पुण्याच्या तहाचे ते चित्र २००७ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने घेतले. गंगाराम तांबटाची रेखाटने अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत, आणि तो गेंडाही तिथेच.