पहिले रणगाडे, त्यांच्या प्रतिकृती आणि आतली माणसं

रणगाड्याची गोष्टच मुळी प्रतिकृतीपासून सुरू होते. सप्टेंबर १९१५मध्ये इंग्लंडातल्या लिंकन इथं नव्या यंत्राची लाकडी प्रतिकृती तयार झाली, अगदी खऱ्या मापाची. ती पटली, मग पोलाद कापलं गेलं. गुप्ततेसाठी म्हणायचं, पाण्याच्या टाक्या बनवतोय. ‘टँक’ हे नाव तिथूनच चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या फ्लेर्सला ते लढाईत उतरले.

आज हौशी लोक हेच रणगाडे १:३५ प्रमाणात जोडतात. हे प्रमाण काही तत्त्वातून आलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकात मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढं माप धरलं, ते १:३५च्या आसपास भरलं, आणि पुढं तोच प्रघात पडला!

आता गंमत पाहा. लांबी पस्तीस पटींनी कमी केली की आकारमान ४२,८७५ पटींनी घटतं. म्हणजे मार्क फोर रणगाड्याचे २८ टन हिशेबानं साधारण साडेसहाशे ग्रॅम होतात. प्लास्टिकचा त्याहून हलका. नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलेल्यांना खरं धूड काय असतं ते ठाऊक आहे. प्रतिकृती चिखलात आपणहून रुतत नाही, करणाऱ्याला ती दाबून बसवावी लागते. जाणकार रंगांवरही तासन्‌तास वाद घालतात. फ्लेर्सच्या रणगाड्यांचे पट्टे सॉलोमन सॉलोमन नावाच्या चित्रकारानं आखले होते, आणि फोटो तर काळे-पांढरे. वाद चालायचाच.

पण माझा मुद्दा आतल्या भागाचा आहे. आत आठ माणसं. मधोमध १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन, उघडंच म्हणा ना. वेगळी खोली वगैरे काही नाही. असह्य उष्णता, विषारी धूर, आणि आवाज एवढा की गिअर बदलणाऱ्यांना इशारा द्यायला चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकायचा. वळायला चार माणसं लागायची. तामियानं २०१४ साली मार्क फोर काढला, तोही मोटरवाला. माणसं होती तिथं मोटर आणि सेल! बरं, बरोबर सैनिकांच्या मूर्ती दिल्या आहेत, त्या बाहेर चालणाऱ्या पायदळाच्या.

प्रतिकृती म्हणजे एक विधान असतं, ‘हे असं होतं’. मग आठ जण गाळून केलेलं विधान खरं कसं मानायचं? मला विचाराल तर प्रदर्शनातली प्रतिकृती एका बाजूनं कापलेली असावी, पट्ट्यांचा रंग थोडा चुकला तरी चालेल.

२० नोव्हेंबर १९१७ला कांब्रेच्या लढाईत फ्लेस्किएर गावात ‘डेबोरा’ नावाचा मार्क फोर तोफगोळ्यांनी फुटला. १९९८मध्ये तो जमिनीखालून काढला. आता त्याच गावातल्या संग्रहालयात तो जसा सापडला तसा, फाटलेल्या पत्र्यांसह ठेवलाय. आठांपैकी पाच त्यात गेले. त्यांची थडगी संग्रहालयाशेजारच्याच दफनभूमीत आहेत.