रेंजरच्या कमरेला पिस्तूल कसं आलं?

महाराष्ट्रात ‘रेंजर’ म्हटलं की वनखात्यातला वनपरिक्षेत्र अधिकारी आठवतो. अमेरिकेत आल्यावर त्याच शब्दाला वेगळा चेहरा मिळतो: रुंद काठाची टोपी घातलेला, नकाशा उलगडून वाट सांगणारा, मुलांना ‘ज्युनियर रेंजर’चा बिल्ला देणारा हसरा माणूस. त्यामुळे योसेमिटीत किंवा यलोस्टोनमध्ये एखाद्या रेंजरच्या कमरेला पिस्तूल आणि बेड्या दिसल्या, की भारतातून आलेले आईवडील हमखास विचारतात, “इथे पोलीस कशाला?”

प्रश्न रास्त आहे. सगळे रेंजर शस्त्र बाळगत नाहीत. माहिती देणारे, फिरायला नेणारे रेंजर निराळे आणि कायदा राबवणारे निराळे. पण या दुसऱ्या प्रकारच्या रेंजरला अटकेचा अधिकार असतो. गाडी दरीत गेली तर दोर लावून उतरणारा आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडणारा माणूस बरेचदा एकच असतो. योसेमिटीच्या दरीत तर न्यायालय आहे आणि छोटा तुरुंगही. हे सगळं कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. दर वेळी आधी काहीतरी हाताबाहेर गेलं आणि मग अधिकार आले.

यलोस्टोन 1872 साली राष्ट्रीय उद्यान झालं. कायद्याने प्राण्यांच्या बेसुमार कत्तलीला मनाई केली, पण ती करणाऱ्याला शिक्षा काय, हे सांगितलं नाही. राखणदारीसाठी पैसेही दिले नाहीत. पहिले अधीक्षक नॅथॅनियल लँगफर्ड बिनपगारी होते आणि पाच वर्षांत उद्यानाकडे क्वचितच फिरकले. 1880 मध्ये हॅरी याऊंट या शिकाऱ्याला प्राण्यांचा राखणदार नेमलं. एक हिवाळा तिथे काढल्यावर त्याने अहवालात लिहिलं, की हे एकट्याचं काम नाही, भरवशाच्या माणसांचं लहानसं दल हवं. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली.

दल आलं ते लष्कराचं. ऑगस्ट 1886 मध्ये कॅप्टन मोझेस हॅरिस घोडदळाची तुकडी घेऊन पोहोचले आणि पुढची तीसेक वर्षं लष्कर तिथे राहिलं. पण सैनिकांच्या हातात बंदूक असली तरी कायदा नव्हता. गुन्हेगाराला उद्यानाबाहेर घालवायचं, एवढंच त्यांना करता येई. योसेमिटीत सैनिकांनी यावर तोड काढली. बेकायदा मेंढ्या चारणारा सापडला, की त्याला उद्यानाच्या एका टोकाला नेऊन सोडायचं आणि मेंढ्या दुसऱ्या टोकाला हाकलायच्या. मधला डोंगराळ मुलूख तुडवून कळप गोळा करण्यात मेंढपाळाचे कित्येक दिवस जात. न्यायाधीशाशिवाय दिलेली ही शिक्षा बरीच लागू पडली.

रेंजरच्या टोपीचा आकारही लष्कराकडूनच आला. कॅलिफोर्नियातल्या उद्यानांची राखण काही वर्षं ‘बफेलो सोल्जर्स’ म्हणजे कृष्णवर्णीय घोडदळाने केली. 1903 मध्ये सेक्वोया उद्यानाचा कारभार कॅप्टन चार्ल्स यंग यांच्याकडे होता. ते जन्माला आले तेव्हा त्यांचे आईवडील गुलाम होते.

कायदा बदलला तो एका चोरट्या शिकाऱ्यामुळे. मार्च 1894 मध्ये पेलिकन व्हॅलीत फेलिक्स बर्जेस या लष्करी स्काउटने एडगर हॉवेलला मारलेल्या बायसनचं कातडं सोलताना पकडलं. हॉवेल निर्धास्त होता. जप्त होणारं त्याचं सामान तीस डॉलरचंही नव्हतं आणि बायसनच्या मुंड्यांना बाजारात भरपूर भाव होता. योगायोगाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचा बातमीदार इमर्सन हफ तेव्हा उद्यानात होता. त्याची बातमी छापून आली, ओरड झाली आणि 7 मे 1894 रोजी नवा कायदा मंजूर झाला: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार डॉलरपर्यंत दंड. 1902 साली यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते, हे पाहिलं की हा कायदा किती थोडक्यात वेळेवर आला ते कळतं. मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शोशोनी, बॅनॉक यांसारख्या जमाती त्या भागात पिढ्यान् पिढ्या शिकार करत आल्या होत्या. उद्यानाच्या हद्दीत त्यांची उपजीविका गुन्हा ठरली.

1916 मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली आणि लष्कराची जागा रेंजरने घेतली. वणवा विझवणं, हरवलेल्याला शोधणं, अस्वलं आवरणं, भांडणं मिटवणं ही सगळी कामं त्याचीच. गावापासून कित्येक मैल दूर जो आधी पोहोचेल, त्यालाच सगळं निभवावं लागे.

या पद्धतीचा कस लागला 4 जुलै 1970 रोजी. योसेमिटीच्या स्टोनमन मेडोमध्ये शेकडो तरुण जमले होते. त्यांना हटवायला घोड्यांवरून गेलेल्या रेंजरांना दंगल आवरता आली नाही. त्यांना मागे फिरावं लागलं, बाहेरून पोलीस बोलवावे लागले आणि शंभरावर लोकांना अटक झाली. जमाव कसा हाताळायचा, याचं पुरेसं शिक्षणच रेंजरांना मिळालेलं नव्हतं. तीन वर्षांनी, ऑगस्ट 1973 मध्ये, पॉइंट रेयस इथे चोरट्या शिकारीवर नजर ठेवणाऱ्या केनेथ पॅट्रिक या रेंजरला गोळ्या घालून मारण्यात आलं. 1976 च्या कायद्याने मग नेमून दिलेल्या रेंजरांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटक करण्याचा स्पष्ट अधिकार दिला. प्रशिक्षण वाढलं आणि रेंजर पोलिसासारखा दिसू लागला. ते अनेक जुन्या रेंजरांना रुचलं नाही. ज्याच्याकडे लोक विश्वासाने मदत मागतात, त्याच्याशी बोलताना त्यांनी बिचकावं का, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही सुटलेला नाही. गणवेशातला माणूस दिसला की आधी कागदपत्रं चाचपणाऱ्या आपल्यासारख्या स्थलांतरितांना तो जरा जास्तच कळतो.

तरीही मला 1 जानेवारी 2012 चा माउंट रेनियरचा दिवस आठवतो. हिवाळ्यात तिथे वर जाणाऱ्या गाड्यांना चाकांच्या साखळ्या आहेत का, हे तपासतात. एक गाडी त्या नाक्यावर न थांबता सुसाट पुढे निघाली. वर पॅराडाइझला सुट्टीसाठी आलेली शंभरावर माणसं होती, त्यात लहान मुलंही. मार्गरेट अँडरसन या रेंजरने आपली गाडी रस्त्यात आडवी लावली. गाडीतल्या माणसाने तिच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो जंगलात पळाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह बर्फात सापडला. मार्गरेट वाचली नाही. तिला दोन लहान मुली होत्या आणि तिचा नवराही त्याच उद्यानात रेंजर होता. वरची माणसं रात्रभर पर्यटक केंद्रात अडकली, पण सुखरूप राहिली.

ती पर्यटकांची वाटाडी होती की पोलीस? त्या सकाळी रस्ता अडवायला दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या तपासायला रेंजर गाडी थांबवेल, तेव्हा मागच्या सीटवरून आईवडील तोच प्रश्न विचारतील. घाटाचा रस्ता लांबचा असतो, त्यांना ही गोष्ट सांगायला वेळ मिळेल.